फारकतीचा लेख आहे, पण कोर्टाचा कागद कुठे?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ४८ वर्षांच्या आहेत. पुण्यात एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करतात. माहेर हिंगोलीजवळच्या एका खेड्यातलं. मे १९९५ मध्ये लग्न झालं, १९९६ च्या गुढीपाडव्याला त्या माहेरी आल्या आणि परत गेल्या नाहीत. पुढचं सगळं वडिलांनी आणि मोठ्या भावाने "मिटवलं". दोनदा कोर्टात गेल्याचं त्यांना आठवतं: १९९७ ची आषाढी झाल्यावर एकदा आणि त्यानंतरची संक्रांत होऊन गेल्यावर एकदा. जीपने नेलं होतं, गाव कुठलं ते सांगता येत नाही. न्यायाधीशांनी काहीतरी विचारलं आणि त्यांनी मान हलवली, एवढंच लक्षात आहे. वडील आणि वकील, दोघेही आता हयात नाहीत. आता एका विधुर सहकाऱ्याशी त्यांना नोंदणी पद्धतीने लग्न करायचं आहे आणि विवाह नोंदणी कार्यालयाने घटस्फोटाचा हुकूमनामा मागितला आहे. भावाने मोबाइलवर पन्नास रुपयांच्या स्टॅम्पपेपरवरच्या "फारकतीच्या लेखा"चा फोटो पाठवला आणि म्हणाला, "एवढंच आहे. जुनं उकरू नकोस." त्यांनी ई-कोर्टच्या संकेतस्थळावर कौटुंबिक न्यायालय निवडून, १९९८ साल आणि स्वतःचं नाव टाकून शोधलं. काही सापडलं नाही. त्या विचारतात: "माझा घटस्फोट झालाच नव्हता का? भावाला न दुखावता, गावात चर्चा होऊ न देता हा कागद कसा मिळवू? आणि नाहीच मिळाला तर?"

ताई,

"एकदा आषाढी झाल्यावर, एकदा संक्रांत होऊन गेल्यावर." हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण तुमच्या पत्रात मला सर्वांत मोलाचं तेच वाटलं.

कारण सांगते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे नवरा-बायकोने मिळून, दोघांच्या संमतीने घटस्फोट मागितला, तर अर्ज दाखल झाल्यावर सहा महिने थांबावं लागतं. मग दोघांनी पुन्हा न्यायाधीशांसमोर जायचं आणि आपलं म्हणणं कायम आहे असं सांगायचं. १९९७ ची आषाढी जुलैच्या मध्यावर होती. संक्रांत होऊन गेल्यावर म्हणजे जानेवारीचा उत्तरार्ध. सहा महिने भरतात. हा अर्ज करण्याआधी दोघं किमान वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागतात. तुम्ही ९६ च्या गुढीपाडव्याला माहेरी आलात, म्हणजे तेही भरतं. आणि न्यायाधीशांनी तुम्हाला विचारलं ते बहुधा हेच असणार की संमती स्वखुशीने देताय ना, कुणाचा दबाव नाही ना. बावीस वर्षं तालुका आणि जिल्हा कोर्टात वकिली करताना तो प्रश्न मी कितीतरी वेळा ऐकला, आणि बहुतेक मुली त्यावर मानच हलवायच्या.

हा पुरावा नव्हे. पण स्टॅम्पपेपरवर लिहून नुसतं मोकळं व्हायचं असतं, तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन वेळा न्यायाधीशांसमोर जायचं कारण नव्हतं. म्हणून "माझा घटस्फोट झालाच नव्हता का" हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. कोर्टात काहीतरी दाखल झालं होतं असं धरून शोध सुरू करू.

आता तुमचा शोध का फसला ते पाहू, कारण हीच चूक पुष्कळ जण करतात. तुम्ही कौटुंबिक न्यायालय निवडलंत. कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४ चा. त्यात दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरात असं न्यायालय स्थापन करणं बंधनकारक आहे, बाकी ठिकाणी सरकारला गरज वाटेल तसं. तालुक्याच्या गावी नवरा-बायकोचे दावे चालत ते नेहमीच्या दिवाणी कोर्टात, बहुधा दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्यापुढे किंवा जिल्हा न्यायालयात. त्या फायलीवर "कौटुंबिक" हा शब्दच नसतो. "हिंदू विवाह अर्ज क्रमांक" अमुक असं असतं, किंवा वकिलांच्या तोंडी "एचएमपी".

दुसरं म्हणजे साल. प्रकरणाचा नंबर दाखल झाल्याच्या सालाने चालतो, निकालाच्या नव्हे. आषाढीनंतर दाखल झालं असेल तर ते १९९७ चं प्रकरण आहे, निकाल ९८ मध्ये लागला तरी.

आणि तिसरं नाव. ताई, लग्नात तुमचं नाव बदललं होतं का? तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं ते नाव तुम्ही वर्षभर वापरलंत आणि मग सोडून दिलंत, पण कोर्टाच्या फायलीवर तेच असणार. सासरचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. शिवाय दोघांच्या अर्जात अर्जदार क्रमांक एक बऱ्याचदा नवरा असतो, तेव्हा त्याच्या नावानेही शोधा. संकेतस्थळावर नावाची किमान तीन अक्षरं लागतात. आडनावाची पहिली तीन-चार अक्षरंच टाका, कारण इंग्रजीत आपली नावं कोण कशी लिहील याचा नेम नसतो. "निकाली" आणि "प्रलंबित" यांतलं "निकाली" निवडायला विसरू नका, किंवा "दोन्ही" निवडा.

एवढं करूनही नाव दिसलं नाही तर मात्र घाबरू नका. ई-कोर्ट प्रकल्प २००७ चा आहे. तुमचा निकाल त्याच्या नऊ वर्षं आधीचा. इतक्या जुन्या निकाली प्रकरणांची माहिती संगणकावर असेलच असं नाही. २०२३ मध्ये या प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले, त्यात जुनं दप्तर स्कॅन करण्याचं मोठं काम आहे, पण ते टप्प्याटप्प्याने होतंय. आणि वैवाहिक प्रकरणांचा मजकूर उघड न करण्याचं बंधन कायद्यातच आहे, त्यामुळे प्रकरण दिसलं तरी निकालपत्र उघडणार नाही कदाचित. उघडलं तरी ती छापील प्रत विवाह अधिकाऱ्याला चालणार नाही. त्याला प्रमाणित प्रत लागते, आपल्या भाषेत नक्कल.

म्हणजे कोर्टात जावं लागणार. कुठल्या?

जीपने नेलं म्हणता. त्या वेळी हिंगोली जिल्हाच नव्हता. तो १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. तुमचं प्रकरण त्याआधीचं, म्हणजे ते परभणी जिल्ह्याच्या दप्तरातलं. ते हिंगोलीच्या कोर्टात चाललं असेल, एखाद्या तालुक्याच्या गावी चाललं असेल किंवा थेट परभणीला. जिल्हा वेगळा झाल्यावर काही दप्तर नव्या ठिकाणी गेलेलं असू शकतं, काही जुन्याच ठिकाणी राहिलेलं. म्हणून दोन्हीकडे विचारायचं. (वाशीम अकोल्यातून आणि नंदुरबार धुळ्यातून १९९८ मध्ये, गोंदिया भंडाऱ्यातून १९९९ मध्ये, पालघर ठाण्यातून २०१४ मध्ये वेगळा झाला. त्या भागातल्या वाचकांनीही प्रकरण कुठल्या सालचं आहे ते आधी पाहावं आणि मग कुठल्या जिल्ह्याकडे जायचं ते ठरवावं.)

पण हिंगोलीची गाडी धरण्याआधी एक काम घरी करा. तुम्ही लिहिलंय, वकील वारले, त्यामुळे सगळे धागे संपले. तसं नसतं. वकील गेले तरी त्यांचं ऑफिस बहुधा कुणीतरी चालवत असतं: मुलगा, पुतण्या, नाहीतर जुना ज्युनिअर. वकिलाच्या डायरीत रोजच्या तारखा असतात, प्रत्येक तारखेपुढे कोर्ट आणि प्रकरणाचा नंबर. त्या गावच्या वकील संघात जाऊन "अमुक वकीलसाहेबांचं काम आता कोण पाहतं" एवढं विचारलं तरी पुरतं. वडिलांची ट्रंकही पाहा. ज्या पिशवीत सातबारा, सोसायटीच्या पावत्या आणि पीककर्जाचे कागद असतात त्याच पिशवीत पहिल्यांदा हात घाला, आपल्याकडे कोर्टाचे कागद तिथेच जातात. नोटीस, वकिलांच्या फीची पावती, वकीलपत्राची प्रत, काहीही. त्यातल्या एकावर जरी नंबर सापडला तरी तुमचं निम्मं काम झालं.

भावाने पाठवलेला लेखही नीट वाचा. त्यावर स्टॅम्प व्हेंडरचं नाव, विक्रीचा अनुक्रमांक आणि तारीख असते. तारीख जुलै ९७ च्या आसपासची असेल आणि मजकुरात "कोर्टात संमतीने अर्ज दाखल करण्याचे ठरले" अशा अर्थाचं काही असेल, तर तो लेख म्हणजे दोन्ही घरांनी आधी केलेला करार असू शकतो. आधी पंचांसमोर लेख आणि मग कोर्टात अर्ज, असं खेड्यापाड्यात सर्रास व्हायचं.

आता भावाबद्दल. तुमच्या पत्रात तो काहीतरी लपवतोय असा सूर आहे. असेलही. पण मला दुसरी शक्यता जास्त वाटते. ९७ साली तो पंचविशीचा असेल. वडिलांच्या मागे उभा राहून त्याने पाहिलं असेल, देणीघेणी मिटवली असतील, कदाचित लग्नात दिलेलं परत मागण्यावरून अपमानही गिळला असेल. कागद जपून ठेवायला हवा होता हे त्याला आता कळतंय आणि आपल्याकडून तो गेला हे कबूल करणं जड जातंय. "जुनं उकरू नकोस" हे बऱ्याचदा ज्याला जुनं सोसत नाही असा माणूस म्हणतो. म्हणून फोनवर विचारू नका. घरी जा, जेवणं झाल्यावर बसा, आणि "कागद कुठे ठेवलास" हा प्रश्न विचारूच नका. "त्या दिवशी जीपमध्ये आपल्याबरोबर कोण कोण होतं रे? चहा कुठे घेतला होता?" इथून सुरुवात करा. गाव आठवलं की कोर्ट आठवतं. आणि लग्नाचं त्याला अजून सांगितलं नसेल तर तेही त्याच बैठकीत सांगा. कागद कशासाठी हवाय ते बाहेरून कळलं तर त्याला जास्त लागेल.

तरीही तो नाही म्हणाला तर? ताई, इथे तुमच्या पत्रातलं एक गृहीतक मला सौम्यपणे पण स्पष्टपणे खोडायचं आहे. तुम्ही तीनदा "भावाची परवानगी" असा शब्द लिहिला आहे. त्या प्रकरणात तुम्ही स्वतः पक्षकार होतात. वडील नव्हते, भाऊ नव्हता. नक्कल मागण्याचा हक्क तुमचा आहे. उलट कायद्यात असं म्हटलं आहे की घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की त्याची एक प्रत कोर्टाने दोघा पक्षकारांना विनामूल्य द्यायची. हिंदू विवाह कायद्याचं कलम २३, पोटकलम ४. ती तुमची प्रत १९९८ सालीच निघायला हवी होती, आणि बहुधा वकिलांमार्फत वडिलांच्या हाती गेली असेल. तुम्ही आता कुणाच्या उपकाराची वस्तू मागत नाही आहात.

आणि चर्चेची भीती. तुम्ही पक्षकार म्हणून नकलेसाठी अर्ज केलात तर समोरच्याला नोटीस जात नाही. तारीख पडत नाही, पुकारा होत नाही. नक्कल विभागाच्या खिडकीपाशी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, पुन्हा जाऊन नक्कल आणायची. तुम्हाला स्वतः जायचं नसेल तर वकीलपत्र देऊन कुठल्याही वकिलाला पाठवता येतं.

अर्ज कसा करायचा ते जरा सविस्तर सांगते. नंबर हाती असेल तर सोपं आहे: न्यायालयाचं नाव, प्रकरणाचा क्रमांक, दोन्ही पक्षकारांची पूर्ण नावं, निकालाची तारीख, आणि कुठले कागद हवेत. इथे "निकालपत्र व हुकूमनामा" असे दोन्ही शब्द लिहा. निकालपत्रात न्यायाधीशांनी कारणं दिलेली असतात, हुकूमनाम्यात अमुक तारखेपासून विवाह संपुष्टात आला हा आदेश असतो. विवाह अधिकारी हुकूमनामा पाहतो, पण दोन्ही असलेले बरे. अर्जावर कोर्ट फीचा स्टॅम्प लागतो, नकलेची फी पानांवर ठरते आणि ती किरकोळ असते. घाई असेल तर तातडीची नक्कल मागता येते, तिला थोडी जास्त फी. कोर्टाच्या फाटकाबाहेर कुणी "पाच हजारांत काढून देतो" म्हणालं, तर पुढे चालू लागा.

नंबर नसेल तर आधी शोधासाठी अर्ज द्यावा लागतो. दोघांची नावं, अंदाजे साल, प्रकरणाचा प्रकार. दाखल प्रकरणांची नोंदवही सालवार असते. १९९७ च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत हिंदू विवाह अर्जांची नोंद पाहा, एवढं नेमकं सांगितलंत तर कारकुनाचं काम तासाभराचं होतं. "नव्वदीच्या सुमाराला कधीतरी" असं सांगितलंत तर तो नाहीच म्हणेल, आणि मी त्याला दोष देणार नाही. एकेका लिपिकाच्या डोक्यावर केवढे गठ्ठे असतात ते मी पाहिलंय.

एकदा मी एका साठीच्या बाईंबरोबर अशाच शोधाला गेले होते. तळमजल्यावरची खोली, लोखंडी घोड्यांवर कापडात बांधलेले गठ्ठे, प्रत्येक गाठीला पुठ्ठ्याची चिठ्ठी. लिपिकाने गठ्ठा सोडला तशी धूळ उडाली आणि बाई तोंडाला पदर लावून मागे सरकल्या. फाईल निघाली. कागद कडांना तपकिरी झाले होते, दोरा भोकांतून सुटला होता. शेवटच्या पानावर निळ्या शाईत सही होती. बाई वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझीच आहे. तेव्हा मी ळ असा लांब शेपटीचा काढायची." एवढ्या वर्षांत त्यांनी तो कागद वाचलाच नव्हता. सही केली त्या दिवशी कुणी वाचून दाखवला नव्हता. त्या दिवशी आम्ही बाहेरच्या बाकावर बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. त्यात पोटगीची एक रक्कम लिहिलेली होती, जी त्यांना मिळाल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

म्हणून तुमच्या हाती नक्कल आली की विवाह अधिकाऱ्याकडे धावण्याआधी ती वाचा. शांतपणे, दोनदा.

ओळखपत्राची एक अडचण येईल. तुमच्या आधारवर आता माहेरचं नाव आहे, फाईलवर सासरचं असेल. खिडकीवरचा माणूस म्हणेल, ही तुम्हीच कशावरून? शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका घरात असली तर ती, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र बरोबर ठेवा. पत्रिका हमखास मामाकडे किंवा मावशीकडे सापडते. हेच प्रतिज्ञापत्र पुण्यात विवाह नोंदणीच्या वेळीही लागेल, तेव्हा दोन मूळ प्रती करून घ्या.

समजा लिपिक म्हणाला, "फाईल मिळत नाही." हे तोंडी ऐकून परत येऊ नका. अर्जावर तसा लेखी शेरा मागा. तो हातात आला की प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या नावे अर्ज करता येतो: शोध घ्यावा आणि नोंदवहीतल्या नोंदीचा प्रमाणित उतारा द्यावा. जुनी प्रकरणं ठरलेल्या मुदतीनंतर छाटली जातात हे खरं आहे, पण सगळे कागद एकाच वेळी जात नाहीत. समन्स, तारखांचे अर्ज असले किरकोळ कागद आधी जातात, निकाल आणि हुकूमनामा जास्त काळ ठेवले जातात. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा का, असंही तुम्ही विचारलंय. नको. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे की कोर्टाच्या प्रकरणांतल्या नकला कोर्टाच्या नियमांनीच घ्यायच्या. तो रस्ता धरलात तर नुसता वेळ जाईल.

हे सगळं एकटीने झेपणार नाही असं वाटलं तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, कोर्टाच्याच आवारात. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कुठल्याही स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. बऱ्याच कोर्टांत आता ई-सेवा केंद्रही आहे, नंबर शोधून द्यायला त्यांची मदत होते.

आता तुमचा सर्वांत कठीण प्रश्न. नाहीच मिळाला तर? म्हणजे, नोंदवहीत नोंदच नसली तर?

तेव्हा मान्य करावं लागेल की झाला तो फक्त स्टॅम्पपेपरवरचा लेख. आणि त्या लेखाने हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न आपोआप मोडत नाही. जातीच्या रूढीप्रमाणे फारकत घेण्याचा मार्ग कायद्याने कलम २९ मध्ये राखून ठेवला आहे, पण आपल्या समाजात तशी रूढी होती आणि ती पाळली गेली हे दिवाणी कोर्टात शाबित करून तसं जाहीर करून घ्यावं लागतं. तोवर विवाह अधिकारी पुढे जाणार नाही, आणि त्याने जाऊही नये. पहिलं लग्न कायद्याने उभं असताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल ठरतं, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली तो गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा. "देवळात लग्न करून टाकू, कोण विचारतंय" असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. कृपा करून ऐकू नका.

पण तेव्हाही दार बंद होत नाही. आधी एक साधी गोष्ट शोधा: ते गृहस्थ, म्हणजे तुमचे पहिले पती, हयात आहेत का? तुम्ही त्यांच्याबद्दल एक ओळही लिहिलेली नाही आणि मी त्याचं कारण समजू शकते. पण ते वारले असतील तर त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर तुमचं काम होईल. हयात असतील तर त्यांनाही बहुधा हे मोकळं करून हवंच असेल. संमतीचा नवा अर्ज करता येतो, आणि इतकी वर्षं वेगळं राहिलेल्या जोडप्याला मधल्या सहा महिन्यांची सूट देता येते असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलं आहे. ते तयार नसतील तर तुम्ही एकटीनेही दावा करू शकता. त्यासाठी हिंगोलीला खेटे घालायचे नाहीत. २००३ च्या दुरुस्तीपासून पत्नी जिथे राहते तिथल्या कोर्टात तिला अर्ज करता येतो. तुमच्यासाठी ते शिवाजीनगरचं कौटुंबिक न्यायालय. वेळ जाईल, पण रस्ता सरळ आहे. तुमच्या होणाऱ्या यजमानांनाही हे आजच सांगून ठेवा. तारीख धरून हॉल ठरवू नका.

अशीच पत्रं मला मुलांकडूनही येतात, आईवडिलांच्या जुन्या निकालासाठी. त्यांच्यासाठी थोडक्यात: आई किंवा वडील हयात असतील तर अर्ज त्यांच्याच सहीने करा. तुम्ही त्रयस्थ म्हणून मागितलंत तर कारणासह प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि देणं न देणं कोर्टावर असतं. आणि पासपोर्टसाठी म्हणून धावपळ करत असाल तर आधी थांबा. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टच्या अर्जावर आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव चालतं आणि घटस्फोटितांना हुकूमनामा जोडायची सक्ती नाही. प्रकरण पुण्या-मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयातलं असेल तर नंबराआधी इंग्रजी अक्षर असतं: संमतीच्या घटस्फोटाला "एफ", पोटगीला "ई". ते अक्षर चुकलं तर फाईल सापडत नाही.

तुमच्याकडे परत येते. पुढच्या महिन्यात जाणार असाल तर दुसरा आणि चौथा शनिवार सोडून जा, त्या दिवशी कोर्ट बंद असतं. सकाळी खिडकी उघडायच्या वेळी पोचा. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घेऊन ती जवळ ठेवा. नक्कल मिळाली की प्रत्येक पानावर कोर्टाचा शिक्का आहे ना, शेवटी "खरी नक्कल" असं लिहून सही आहे ना, आणि अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची, दिल्याची अशा तिन्ही तारखा भरल्या आहेत ना, हे खिडकीसमोरच तपासा. राहिलं असेल तर तिथल्या तिथे भरून घ्या. पुण्याला आल्यावर ते शिक्के पुरे करायला पुन्हा आठ-दहा तासांचा प्रवास होईल.

नकला दोन मागा. एक विवाह अधिकाऱ्याकडे जाईल. दुसरीला लॅमिनेशन करू नका, शिक्का तपासता येत नाही. साध्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ती तुमच्या स्वतःच्या कपाटात ठेवा. आणि परतताना वाटेत गावी उतरून भावाला एक झेरॉक्स द्या. वडिलांच्या त्या पिशवीत ठेवायला.